छताचे पोपडे गेले एकदाचे
विश्रामबागेत आमचा फ्लॅट, अंघोळ करताना बाथरूमच्या छताचे पोपडे डोक्यावर, कधी बादलीत पडायचे. गेल्या वर्षी एका पेंटरनं नुसता वरून डिस्टेंपर फासून पैसे घेतले, पहिल्याच पावसाळ्यात परत सगळं फुगलं. यावेळचे मिस्त्री मात्र आधी वरच्या मजल्यावर जाऊन गळती नाही ना बघून आले, मग सुटलेला रंग पार खरवडला, काळ्या बुरशीवर ब्लीचचं पाणी मारलं आणि चार दिवस नुसतं वाळू दिलं, तोवर आमची अंघोळ शेजारच्या काकूंकडे! मग व्हाइट सिमेंटची पुट्टी, प्रायमर, दोन हात ॲक्रिलिक इमल्शन. एक्झॉस्ट फॅन बसवा म्हणून मागेच लागले, वाफ कोंडली की कुठलाच रंग टिकत नाही म्हणे, बसवला बाबा. फक्त गिझरवर पुट्टीचे थेंब ठेवून गेलेत, ते मी अजून नखानं काढतोय.