प्रॉप्स करायचे तर नाटकाचे की शूटिंगचे?

फोंड्याची माझी भाची परवा विचारत होती, मामा, प्रॉप्सचं काम नाटकाकडे करू की शूटिंगकडे? प्रॉप्स म्हणजे नट प्रसंगात वापरतात त्या वस्तू. मी दोन्हीकडे राबलोय म्हणून सांगतो.

नाटकात वस्तू शेवटच्या रांगेतल्याला कळली पाहिजे, जवळून ओबडधोबड असली तरी चालते. पत्र जरा मोठंच कापायचं आणि कागद चहाच्या पाण्यात बुडवून वाळवायचा, म्हणजे लाइटखाली पांढराफटक दिसत नाही. सिनेमात तेच पत्र क्लोजअपमधे येतं, मग अक्षर, शाई, घडी सगळं खरं हवं आणि ते फाडायचा सीन असला की एकसारखी पाच-सहा तयार ठेवायची कारण रिटेक होतोच. वर ती कंटिन्युइटी, म्हणजे आधीच्या टेकशी मेळ, ग्लासातलं सरबत दर टेकला तेवढंच!

टिकण्याच्या बाबतीत नाटक जास्त छळतं. जत्रेतलं नाटक उघड्यावर, रात्रभर दव, माझी कागदाच्या लगद्याची गदा एकदा तिसऱ्या अंकात मऊ पडली, भीमाने काखेत धरून कशीबशी वेळ मारून नेली. तेव्हापासून वार्निशचे दोन हात आधी. शूटिंगची वस्तू शेड्यूलपुरती जगली की झालं.

पैसा शूटिंगला बरा, पण हातात कधी पडेल देव जाणे, एका युनिटने मला चार महिने फिरवलं. नाटकवाले थोडेच देतात, पण पडदा पडला की लगेच.

नोकरी सांभाळून, हाताने बनवायची हौस असेल तर नाटक. बारा-बारा तास उभं राहायची आणि एका जुन्या कंदिलासाठी म्हापशाचा शुक्रवारचा बाजार पालथा घालायची तयारी असेल तर शूटिंग.