दहा हजारांत चालता नमुना: इन्स्पायर-मानक स्पर्धेचं परीक्षण

शाळकरी मुलांच्या बहुतेक स्पर्धांमध्ये खर्च आधी पालकांचा आणि बक्षीस नंतर. इन्स्पायर-मानकमध्ये उलट आहे, आणि गोव्यातल्या शाळांनी तिच्याकडे वळावं याचं सर्वांत मोठं कारण हेच. केंद्राचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग आणि नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन मिळून ती चालवतात. शाळेने पाठवलेल्या कल्पनांमधून निवड झाली की नमुना, म्हणजे त्या कल्पनेची चालती वस्तू, बनवायला 10,000 रुपये थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येतात. त्यापुढे जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय प्रदर्शन. खात्यावरचं नाव, आधारवरचं नाव आणि आयएफएससी नोंदणीआधीच जुळवून घ्या. इथे घोळ झाला की पैसे अडकतात.

परीक्षक नावीन्य, समाजाला उपयोग, पर्यावरण, वापरातली सोय आणि आधीच्या साधनापेक्षा सरसपणा पाहतात. निकष चांगले आहेत. पण वस्तू पुन्हा तशीच बनवता येईल का, हा प्रश्न त्यात स्वतंत्रपणे नाही, आणि उत्पादनाच्या दृष्टीने ही खरी उणीव आहे. त्यामुळे थर्माकोल आणि ग्लू-गनवर उभा असलेला देखणा नमुनाही जिल्ह्यापर्यंत पोचतो. पुढे मात्र टेम्पोतून नेताना तो उचकटतो.

भिंडां, म्हणजे कोकमाची फळं, अर्धी करायचं हातयंत्र घ्या. गोव्याला शोभणारा आणि खर्चात बसणारा विषय. पिकलेलं फळ जाड पात्याखाली चेंगरतं, म्हणून पातं पातळ हवं आणि 304 स्टेनलेसचं, म्हणजे सहसा न गंजणाऱ्या पोलादाचं हवं. साध्या लोखंडाला कोकमाचं आम्ल लगेच गंज चढवतं. टेकूपासून, म्हणजे दांडी ज्या बिंदूभोवती फिरते तिथून, पातं 75 मिमी आणि मूठ 300 मिमी ठेवली तर हाताचा जोर चौपट होतो. टेकूला 8 मिमीचा आस आणि त्यावर बसणारं 608 मापाचं बेअरिंग पुरे. बेअरिंगचा बाहेरचा व्यास 22 मिमी असतो, पण त्याचं घर थ्रीडी प्रिंटरवर, म्हणजे वितळलेल्या प्लास्टिकचे थर रचून, छापलं तर छिद्र थोडं लहान येतं. आराखड्यात 22.2 मिमी धरा, आधी नुसती त्या छिद्राची चकती छापून पाहा आणि मगच पूर्ण भाग छापा. दांडी आडवी छापावी. उभी छापली तर थर दाबाच्या रेषेत सुटतात आणि दांडी टेकूपाशी तुटते. आतला भराव 60 टक्के करण्यापेक्षा 0.4 मिमी नोझलने (प्लास्टिक सोडणाऱ्या तोटीने) बाहेरच्या भिंतीचे चार फेरे दिले तर ताकद जास्त मिळते.

मोठी अडचण मोसमाची. भिंडां एप्रिल-मे महिन्यांत पिकतात आणि पाऊस लागला की संपतात. नोंदणी मात्र पावसाळ्यात चालते. म्हणून पुठ्ठा-लाकडाचं पहिलं यंत्र मे महिन्यातच करून खऱ्या फळांवर चालवा, किती फळं नीट कापली आणि किती चेंगरली ते वहीत लिहा आणि चाचणीचं चित्रीकरण ठेवा. प्रदर्शनात लिंबावर दाखवता येईल, पण परीक्षकाला पटवेल ती वही.

गोव्याच्या दमटपणात पीएलएचा, म्हणजे छपाईच्या नेहमीच्या प्लास्टिकचा, धागा ओल धरतो. छापताना तडतड आवाज आला आणि भागावर केसासारखे तंतू उठले, की समजावं. 45 ते 50 अंशांवर सहा तास सुकवून सिलिका जेलसोबत घट्ट डब्यात ठेवायचा. पीएलए साठेक अंशांना मऊ पडतो, म्हणून मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेला भाग वाकतो. न्यायचा-आणायचा नमुना पीईटीजीत, म्हणजे जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकमध्ये, छापलेला बरा.

नमुन्यात मोटर किंवा सर्व्हो (ठरावीक कोनात फिरणारी छोटी मोटर) असेल तर चौकोनी 9 व्होल्टची बॅटरी वापरू नका. तिला तेवढा प्रवाह देता येत नाही, व्होल्टेज पडतं आणि आर्डुइनो (यंत्र चालवणारा छोटा संगणकी बोर्ड) पुन्हा सुरू होत राहतो. प्रदर्शनात बंद पडलेल्या यंत्रांमागे बहुधा हेच असतं. सर्व्होला वेगळा 5 व्होल्ट 2 अँपिअरचा पुरवठा द्या आणि त्याची व आर्डुइनोची ग्राउंड (ऋण) तार एकमेकींना जोडा. ब्रेडबोर्डवरच्या, म्हणजे जोडणीच्या पाटीत नुसत्या खोचलेल्या, तारा हादऱ्याने निसटतात. शेवटच्या नमुन्यात सगळं डाग देऊन (सोल्डर करून) पक्कं करा.

दहा हजारांपैकी निदान निम्मे हलणाऱ्या भागांवर जावेत आणि हजार-दीड हजार दुरुस्तीसाठी बाजूला राहावेत. रंगकामाला उरलं तर उरलं. शाळेत अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे थ्रीडी प्रिंटरसारखी साधनं असलेली केंद्राच्या योजनेतली कार्यशाळा, असेल तर छपाईचा खर्च वाचतो. नसेल तर फर्मागुढीसारख्या आयटीआयच्या शिक्षकांना विचारा किंवा जवळच्या लेथवाल्याकडे जा. जाताना मिलिमीटरमध्ये मापं टाकलेलं रेखाचित्र न्या. तोंडी सांगून केलेला भाग दुसऱ्यांदा तसाच होत नाही, आणि राज्य पातळीला जाताना सुटे भाग दोन-दोन लागतात.

सहावी-सातवीच्या मुलांना एवढं यंत्रकाम जड जातं, नववी-दहावीला जमतं. त्यांची बोर्डाची घाई सुरू होण्याआधी चाचण्या उरकलेल्या हव्यात.