आयटॉकी आणि स्वतःच्या बॅचेस : ऑनलाइन मराठी शिकवण्याचा काही महिन्यांचा अनुभव

घाईत असणाऱ्यांसाठी आधी निकाल सांगते. मराठी न येणाऱ्यांना मराठी शिकवून घरबसल्या कमवायचा विचार असेल, तर आयटॉकीसारख्या, भाषा शिकवणारे आणि शिकणारे यांची ऑनलाइन गाठ घालून देणाऱ्या मंचावर सुरुवातीला जरूर जा. तिथे सतत नवी, अनोळखी माणसं समोर बसतात आणि त्यांच्यामुळे शिकवणं सुधारतं. घरखर्चाला हातभार लागेल असा पैसा मात्र मला स्वतःच्या छोट्या बॅचेसमधूनच सुटला. दोन्ही एकत्र चालवल्यावर काय जमलं आणि काय जमलं नाही, ते पुढे.

मी नाशिकची. आधी शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घ्यायचे. त्या अनुभवाचा इथे उपयोग होतो, पण वाटतो त्यापेक्षा कमी. शाळेतल्या मुलाला मराठी येतच असते, आपण त्याचं शुद्धलेखन आणि निबंध बघतो. ‘पोळी’ला ‘ती’ का म्हणायचं, हे तो कधीच विचारत नाही. परका माणूस पहिल्याच तासाला विचारतो.

आयटॉकीवर शिक्षकांचे दोन गट आहेत. पदवी, प्रमाणपत्र किंवा शिकवण्याचा अनुभव दाखवणारे व्यावसायिक शिक्षक आणि भाषा उत्तम येणारे, गप्पांतून सराव घेणारे. ओळखीचा छोटा व्हिडिओ द्यावा लागतो, दर आपणच ठरवायचा. तासाच्या पैशातून कंपनी 15 टक्के कापते. दुसरा मोठा मंच प्रेप्ली. तिथे कमिशन 33 टक्क्यांपासून सुरू होतं आणि शिकवलेले तास वाढतील तसं 18 टक्क्यांपर्यंत उतरतं. नव्या विद्यार्थ्याच्या पहिल्या चाचणी तासाचे पैसे पूर्ण कंपनीचे. म्हणजे तासाचा दर 10 डॉलर ठेवला तर पहिल्या ठिकाणी साडेआठ हातात येतात आणि दुसऱ्या ठिकाणी सुरुवातीला 6.70. हे नियम अधूनमधून बदलतात, त्यामुळे नोंदणीच्या दिवशी पुन्हा वाचा. आपल्या भाषेसाठी सध्या अर्ज घेतात का, तेही आधी बघा.

मराठी शिकायला येतं कोण? मला वाटलं होतं, परदेशी हौशी मंडळी येतील. तसे थोडे आले. जास्त आले ते पुण्यात नोकरीला आलेले तमिळ, तेलुगू आणि हिंदी भाषक. त्यानंतर मराठी घरात लग्न करून आलेल्या सुना आणि जावई. आणि अमेरिकेत वाढलेली विशी-पंचविशीतली मुलं, ज्यांना मराठी सगळी समजते पण तोंडातून वाक्य निघत नाही. या तिसऱ्या गटाला नवशिक्यांसोबत बसवलं तर ती कंटाळतात. त्यांना अक्षरओळखही नको असते, आजीशी व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटं बोलता यायला हवं असतं. मी त्यांची वेगळी बॅच केली आणि धंदा खऱ्या अर्थाने तिथून उभा राहिला.

प्रौढ नवशिक्यासाठी इंग्रजी किंवा जर्मनची पुस्तकं ढिगाने मिळतात, एका पातळीवरून दुसरीवर नेणारी, सरावासकट. मराठीत असं तयार साहित्य फार कमी, त्यामुळे क्रम आपल्यालाच लावावा लागतो. माझा क्रम बऱ्याच उलथापालथीनंतर असा बसलाय : पहिल्या तासाला ‘मी जातो, मी जाते’ घेतच नाही. ‘मला चहा हवा, मला भाजी हवी, मला पाणी हवं’ इथून सुरू करते. बोलणारा पुरुष असो की बाई, वाक्य तेच राहतं आणि तिन्ही लिंगं आपोआप कानावर पडतात. त्याच साच्यात ‘मला आवडतं’, ‘मला येतं’, ‘मला माहीत आहे’ बसतात. दोन आठवड्यांत माणूस हॉटेलात, रिक्षात, भाजीवाल्याकडे काम भागवतो. सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचं बदलणारं रूप, त्यानंतर, तेही तक्ता न देता. ‘घर’चं ‘घरात’ आधी, कारण ते सोपं. ‘भाऊ’चं ‘भावाला’ बऱ्याच नंतर.

कोणाला काय अवघड जाईल, हे त्याच्या मातृभाषेवरून ठरतं. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतला फरक हिंदी भाषकाला महिनाभर छळतो. तमिळ माणसाला तो सांगावाच लागत नाही, त्याच्याकडे ‘नाम’ आणि ‘नांगळ’ आहेतच, शिवाय ‘ळ’ही तयार. त्याचं घोडं अडतं ते खुर्ची ‘ती’ आणि टेबल ‘ते’ का, यावर. उलट हिंदी भाषक भूतकाळात सुटतो, ‘त्याने आंबा खाल्ला’ लगेच म्हणतो. मग त्याच जोरात ‘मीने खाल्ला’ म्हणतो आणि ‘मी चहा प्यायलो’ ऐकून गोंधळतो. आता चाचणी तासाआधीच मी विचारून घेते की घरी कोणती भाषा बोलता. पहिल्या अर्ध्या तासात हा प्रश्न सगळ्यात जास्त कामी येतो.

शिकवणं सुधारायला मला दोन गोष्टींनी मदत केली. पहिली, विद्यार्थ्याची परवानगी घेऊन तास रेकॉर्ड करायचा आणि नंतर नुसतं एवढंच मोजायचं की कोण किती वेळ बोललं. समजावण्याच्या भरात शिक्षकच बोलत राहतो, हे ऐकल्याशिवाय कळत नाही. अख्खा तास ऐकायची गरज नाही, मधली दहा मिनिटं पुरतात. दुसरी गोष्ट थोडी खर्चाची : त्याच मंचावर स्वतः विद्यार्थी व्हायचं. मी जपानी शिकायला घेतली. तिथल्या शिक्षिका प्रश्न विचारून झाल्यावर गप्प बसतात, अगदी अस्वस्थ वाटेपर्यंत. आपल्याकडे शिक्षकाला ती शांतता सहन होत नाही, लगेच उत्तर पुरवतो. मी ती सवय उचलली आणि माझे विद्यार्थी लांब वाक्यं बोलायला लागले. अध्यापनाच्या ज्या महागड्या ऑनलाइन कोर्सेसच्या जाहिराती दिसतात, त्यांतला एक मी केला. त्यापेक्षा जपानीचे तास स्वस्त पडले आणि उपयोगीही ठरले.

रेटिंगवर फार विसंबू नका. जवळजवळ सगळेच पाच तारे देतात, माणसाला समोरच्याचं मन मोडवत नाही. मी दोनच गोष्टी बघते : पुढचा तास बुक झाला का, आणि मधल्या आठवड्यात तो कोणाशी मराठीत बोलला का. दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर मी पुढच्या वेळी कामच देते : वॉचमनला पाण्याच्या टँकरबद्दल विचारून ये.

आता वेळा. याबद्दल कोणी बजावत नाही. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी, आपल्याकडे कधीच नाही. न्यू जर्सीतला रात्री आठचा तास उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेपाचला येतो आणि हिवाळ्यात साडेसहाला. जर्मनीतला संध्याकाळी सातचा तास थंडीत आपल्याला रात्री साडेअकरा दाखवतो. तो मी बंद केला, तब्येतीपुढे डॉलर नको. मंचावरचं कॅलेंडर हे सगळं आपोआप सांभाळतं, पण स्वतःच्या बॅचला व्हॉट्सॲपवर निरोप आपणच टाकायचा असतो.

साधनांवर खर्च करू नका. झूमचा फुकटातला तास 40 मिनिटांत संपतो. गूगल मीटवर तीन किंवा जास्त माणसं असली तरी 60 मिनिटं मिळतात, बॅचला तेवढी बास. शब्दांच्या उजळणीसाठी ‘अंकी’ (Anki) नावाचं ॲप, संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट. आयफोनवाल्यांना ते विकत घ्यावं लागतं, त्यामुळे आधीच सांगून ठेवा. पैसे खर्च करायचेच असतील तर चांगल्या माइकवर करा. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’ वेगळा आहे, हे खरखरणाऱ्या आवाजात कसं ऐकू येणार?

पैशाचं सांगायचं तर, मंचावरून डॉलर पेओनियर या परदेशातले पैसे पोहोचवणाऱ्या सेवेमार्गे बँकेत रुपये होऊन येतात. वाटेत शुल्क आणि विनिमय दर असे दोन्हीकडून थोडे झिजतात, म्हणून मी दर आठवड्याला न काढता साठवून काढते. परदेशातून पैसे आल्याचा दाखला प्रत्येक वेळी उतरवून ठेवा, विवरणपत्र भरताना सीए तो मागतोच. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वार्षिक 20 लाखांची आहे. तिथवर पोहोचायला मला तरी अवकाश आहे. स्वतःच्या बॅचची फी मी महिन्याची आगाऊ घेते, यूपीआयवर. अमेरिका, इंग्लंड, अमिराती अशा काही देशांतल्या अनिवासी भारतीयांना तिथल्या मोबाइल क्रमांकावर, भारतातल्या एनआरई किंवा एनआरओ (अनिवासींसाठीच्या) खात्यातून यूपीआय वापरता येतं, मात्र त्यांच्या बँकेने ती सोय दिलेली असायला हवी. आगाऊ फीचा फायदा पैशापेक्षा हजेरीत दिसतो.

एक पथ्य पाळा. मंचावर भेटलेल्या विद्यार्थ्याला गुपचूप स्वतःच्या बॅचमध्ये ओढू नका. करारात मनाई असते आणि खातं बंद होऊ शकतं. माझे बॅचवाले आले ते तोंडी ओळखीतून : एका सुनेने दुसरीला सांगितलं, एका मुलाने आपल्या चुलत बहिणीला. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आता शिकणारे वाढतील असं बरेच जण म्हणाले. माझ्याकडे तरी त्या कारणाने एकही जण आला नाही. सासूबाई काय म्हणाल्या ते कळावं म्हणून मात्र येतच असतात.

सध्या आठवड्यातले दोन दिवस आयटॉकीला आणि बाकीचे बॅचेसना, अशी विभागणी आहे. आयटॉकी सोडणार नाही, तिथला नवा माणूस अजूनही असा काहीतरी प्रश्न विचारतो की संध्याकाळी व्याकरण काढून बसावं लागतं. पुढची बॅच पुण्यातल्या तमिळ भाषकांसाठी वेगळी करतेय, लिंगांवर जास्त वेळ देऊन आणि ‘आपण-आम्ही’ पूर्ण गाळून. चौघांनी नावं दिली आहेत. शनिवार सकाळ की रविवार संध्याकाळ, यावर त्यांचं एकमत व्हायचंय.