खाऱ्या पाण्याच्या टाकीचे टेस्ट किट : अमोनियाची चाचणी चोख, माहितीपत्रक तोकडे

रात्री धडधाकट दिसलेले मासे सकाळी मेलेले आढळले की हात आधी टेस्ट किटकडे जातो. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच या चार चाचण्या एकाच डब्यात देणारे, थेंबांनी मोजण्याचे हे किट मी अशाच एका सकाळी वापरले आणि पुढेही वापरात ठेवले आहे.

त्यातली अमोनियाची चाचणी सर्वांत भरवशाची आहे. परीक्षानळीत 5 मिलिलिटर पाणी घेऊन दोन्ही बाटल्यांतले थेंब टाकायचे आणि 5 मिनिटे थांबायचे. पाणी पिवळे राहिले तर अमोनिया नाही, हिरवे होत गेले तर आहे. शून्य आणि 0.25 पीपीएम (दशलक्ष भागांत इतके भाग) या दोन छटांतला फरक घरातल्या पिवळसर दिव्याखाली कळत नाही. नळी दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कागदासमोर धरली की तो स्पष्ट दिसतो. हा आकडा एकूण अमोनियाचा असतो आणि त्यातला विषारी भाग पीएचवर ठरतो. पीएच एका अंकाने चढला की तो भाग जवळजवळ दहापट होतो, त्यामुळे 8.2 पीएचच्या समुद्री टाकीत अल्प अमोनियाही हलक्यात घेता येत नाही. माहितीपत्रकात याविषयी एक ओळही नाही.

माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे. त्या सकाळी अमोनिया 0.5 दिसला, आणि पत्रकाचा सल्ला एवढाच की पाणी बदला. पण मेलेला मासाच पाण्यात अमोनिया सोडतो, त्यामुळे मृत्यूनंतरच्या चाचणीत तो दिसला म्हणजे मृत्यू त्यानेच झाला असे ठरत नाही. टाकीत सर्वांत मोठा असलेला टँग हा समुद्री मासा आधी गेला होता. त्याचे तोंड उघडे होते आणि कल्ले फाकलेले. कोळंबी आणि गोगलगायी नेहमीसारख्या हिंडत होत्या, म्हणजे पाण्यात तांबे उतरल्याचा संशय मागे पडत होता, कारण तांबे माशांच्या आधी त्यांनाच मारते. वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलते ठेवणारा पंप, बंद पडलेला होता आणि पाण्यावर तेलकट साय धरली होती, म्हणजे हवेतला प्राणवायू पाण्यात नीट मिसळत नव्हता. 25 अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8.2 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर समुद्राच्या पाण्यात जेमतेम 6.7, शिवाय रात्री शेवाळही तोच प्राणवायू वापरते. या सगळ्याचा रोख गुदमरण्याकडे होता आणि किटमध्ये प्राणवायूची चाचणीच नाही. कल्ल्यांवर हल्ला करून झपाट्याने मासे मारणारा व्हेल्वेट हा परजीवीही या चारांपैकी कोणत्याच नळीत दिसणार नाही.

नायट्राइटची चाचणी ठीक आहे. क्लोराइडमुळे खाऱ्या पाण्यात नायट्राइट माशांना तितका घातक नसतो, म्हणून तिची गरजही कमी पडते. नायट्रेटची दुसरी बाटली मात्र जोरात हलवली नाही तर तळाशी बसलेली पूड मिसळत नाही आणि आकडा फसवा कमी येतो.

अमोनिया हा एक संशयित तपासण्यापुरते हे किट घेण्याजोगे आहे. पाण्याचा खारेपणा मोजण्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर वेगळा घ्यावा आणि तो 35 पीपीटीच्या (हजार भागांत 35 भाग क्षार) प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्यावा. किट घेताना डब्यावरची मुदत पाहण्यावर थांबू नये, प्रत्येक बाटलीवरची मुदत पाहावी. माझ्या डब्यात त्या सारख्या नव्हत्या.