ऑर्टलीब बॅक-रोलर क्लासिक: मुंबईच्या पावसात आणि पेव्हर ब्लॉकवर

सायकलच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंना अडकवायच्या या पिशव्या. पाणी आत जात नाही, हे आधीच सांगून टाकू. पीव्हीसीचा थर दिलेलं पॉलिस्टर, वेल्ड केलेले जोड, जोडीची क्षमता 40 लिटर. एलबीएस मार्गावर बेस्टच्या बसने डबकं उडवलं तरी आतले कपडे कोरडे राहतात. मात्र तोंड गुंडाळून बंद करायचं असतं आणि त्याच्या किमान तीन गुंडाळ्या व्हायला हव्यात. पिशवी काठोकाठ भरली की जेमतेम दीड होते आणि पाणी तिथूनच झिरपतं. गुंडाळण्याआधी हवा दाबून काढायची, नाहीतर पिशवी फुगते आणि बकल ताणतं.

खरी परीक्षा हुकांची. वरचे दोन हूक 16 मिमी नळीसाठी आहेत. बाजारातल्या बऱ्याच कॅरिअरची नळी 10 मिमीच्या आसपास असते. सोबतचे प्लॅस्टिकचे इन्सर्ट (हुकाच्या आत बसवून फट भरणारे तुकडे) न बसवता वापरलं, तर पेव्हर ब्लॉकवर पिशवी खडखडते, नळीचा रंग उडतो, मग ॲल्युमिनियम झिजतं. इन्सर्ट बसवायला दोन मिनिटं लागतात, तरी निम्म्या सायकलींवर ते दिसत नाहीत! हूक पिशवीच्या पाठीवरच्या रुळावर सरकवून पिशवी शक्य तितकी मागे घ्यावी, म्हणजे पेडल मारताना टाच लागत नाही. खालचा हूक कॅरिअरच्या उभ्या दांडीमागे अडकलाच पाहिजे. तो मोकळा राहिला तर खड्ड्यात पिशवी बाहेर झुलते. लावून झाल्यावर तळाला धरून बाहेर ओढून बघावी.

दोन्ही पिशव्यांवर आडवी तिसरी बांधायची असेल, तर रबरी बंजी (टोकांना हूक असलेली ताणणारी दोरी) टाळावी. ती प्रत्येक दणक्याला ताणते, सामान सरकतं आणि सुटलेला हूक थेट चाकात जातो. न ताणणारे, कॅम बकलचे (पट्टा दाबून घट्ट धरणाऱ्या चापाचे) दोन पट्टे घ्यावेत आणि उरलेली टोकं खोचून टाकावीत.

धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचं रेटिंग आयपी 64, म्हणजे चहूबाजूंच्या शिंतोड्यांपासून बचाव. बुडवण्यासाठी ही पिशवी नाही, त्यामुळे कयाकवर नेऊ नये. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (वाहनं नेणाऱ्या बोटीने) मांडव्याला जाताना मात्र सोयीची: हँडल उचललं की हूक उघडतात, सायकल खाली ठेवून पिशवी खांद्याला लावून वर जाता येतं.

उणिवाही आहेत. बाहेर कप्पा नाही, त्यामुळे रेनकोट काढायला भर पावसात सगळं तोंड उघडावं लागतं. पाणी आत येत नाही तशी वाफही बाहेर जात नाही. घामट जर्सी आत टाकली की बाकीचे कपडे ओलसर. ती वेगळ्या पिशवीत, कॅरिअरच्या वर. भोक पडलं तर ट्यूबचं पंक्चर सोल्युशन पीव्हीसीवर टिकत नाही, पीव्हीसीचाच गम हवा. अलिबागच्या खाऱ्या हवेतून आल्यावर हूक आणि स्क्रू गोड्या पाण्याने धुवावेत आणि पिशवी गुंडाळून न ठेवता तोंड उघडं ठेवून टांगावी. मुंबईच्या दमटपणात आतून बुरशी लागते.

किंमत झोंबते. फक्त रविवारी नॅशनल पार्कपर्यंत जाणाऱ्यांना साधी पिशवी आणि आत जाड प्लॅस्टिकचं अस्तर पुरेल.