काबूल आणि ओटावा : सरकारी पैशावर चालणारी दोन शहरं

काबूल अफगाणिस्तानची, ओटावा कॅनडाची; दोन्ही राजधान्या, आणि दोन्हींचा संसार सरकारी पैशावर. फरक आहे तो पैसा येतो कुठून, यात. ओटावात संघीय सरकार करांतून पगार देतं. 2020 मध्ये तिथल्या कुटुंबाचं मध्यक उत्पन्न सुमारे 1,02,000 कॅनेडियन डॉलर होतं. अफगाणिस्तानात 2021 पर्यंत सरकारी खर्चाचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग परदेशी मदतीतून भागायचा. ऑगस्टमध्ये तालिबान आले, मदत आटली, अमेरिकेत ठेवलेली सुमारे 7 अब्ज डॉलरची गंगाजळी गोठली. बँकांत रोकड उरली नाही. शिक्षक, परिचारिकांचे पगार रखडले. त्यात सहावीनंतर मुलींची शाळा बंद, डिसेंबर 2022 पासून विद्यापीठही. घरात येऊ शकणारा दुसरा पगार असा मुळातच खुडला गेला.

ओटावात पोचलेल्या अफगाण कुटुंबाची अडचण निराळी. शाळा आणि बहुतेक उपचार मोफत, पण सरकारने आणलेल्या निर्वासितांना निर्वाहभत्ता साधारण वर्षभरच, आणि त्यातला मोठा घास घरभाड्याचा. काबूलच्या डॉक्टरला परवान्यासाठी पुन्हा परीक्षा, पुढे रेसिडेन्सीच्या, म्हणजे रुग्णालयातल्या सक्तीच्या प्रशिक्षणाच्या, जागा मोजक्याच. तोवर टॅक्सी नाहीतर गोदाम. शिवाय कमाईतला हिस्सा हवाल्याने मायदेशी जातो. उत्पन्नाच्या तक्त्यात तो दिसत नाही.