पडद्यावरून पुन्हा माइककडे : चार अल्बम, आणि आधी कोणता ऐकावा

१२ जुलै २०२४ ते २८ मार्च २०२५ या साडेआठ महिन्यांत अमेरिकेतील चार रॅपरांचे नवे अल्बम प्रसिद्ध झाले, आणि त्या चौघांनाही आज अनेक जण आधी अभिनेते म्हणूनच ओळखतात. कॉमन आणि पीट रॉक यांचा ‘द ऑडिटोरियम व्हॉल्यूम १’ जुलैत आला, एल. एल. कूल जे याचा ‘द फोर्स’ ६ सप्टेंबरला, आइस क्यूबचा ‘मॅन डाउन’ २२ नोव्हेंबरला आणि विल स्मिथचा ‘बेस्ड ऑन अ ट्रू स्टोरी’ मार्चअखेरीस. ज्यांनी या मंडळींना केवळ पडद्यावर पाहिले आहे, किंवा ज्यांनी त्यांची जुनी गाणी मनापासून ऐकली आणि पुढे हिप-हॉपशी संबंध तुटला, त्यांच्यापुढे प्रश्न असतो तो एवढाच की, एकच अल्बम नीट बसून ऐकायचा असेल तर कोणता निवडावा. माझे उत्तर ‘द फोर्स’ असे आहे. मात्र ते सर्वांना सरसकट लागू पडणार नाही, कारण हे चार अल्बम एकाच हेतूने केलेले नाहीत.

एक गैरसमज आधी दूर केला पाहिजे. नट असलेल्या माणसाने हौसेपोटी रॅप केले, अशा प्रकारातले हे काम नाही. डेफ जॅम या रेकॉर्ड कंपनीने काढलेला पहिला पूर्ण अल्बम १९८५ साली एल. एल. कूल जे याचाच होता. रॅपसाठीचे पहिले ग्रॅमी १९८९ मध्ये विल स्मिथ आणि त्याचा साथीदार डीजे जॅझी जेफ यांना मिळाले, आणि तो पुरस्कार दूरचित्रवाणीवर दाखवला जाणार नाही असे कळल्यावर त्यांनी सोहळ्यावर बहिष्कार टाकला. आइस क्यूब एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटातून पुढे आला. कॉमनचा पहिला अल्बम १९९२ चा आहे. अभिनय या सर्वांच्या आयुष्यात नंतर आला आणि हळूहळू त्याने बाकीची जागा व्यापली.

कोणी किती काळ दूर होते, हे पाहिल्यावर तुलनेला खरी सुरुवात होते. स्मिथचा आधीचा अल्बम २००५ चा, म्हणजे मध्ये वीस वर्षे गेली. एल. एल. चा २०१३ चा, क्यूबचा २०१८ चा. कॉमन मात्र २०२१ पर्यंत नेमाने अल्बम काढत होता, त्यामुळे त्याच्या बाबतीत पुनरागमन हा शब्द थोडा सैलपणेच वापरावा लागतो. हे अंतर महत्त्वाचे आहे, कारण रॅप ही केवळ लिहिण्याची कला नव्हे. श्वास कुठे घ्यायचा, ओळ ठेक्याच्या किंचित पुढे टाकायची की मागे, यमक ओळीच्या शेवटी ठेवायचे की मध्येच दोन-तीनदा पेरायचे, हे सगळे सरावाने जिभेवर बसते आणि सराव सुटला की उतरते. शिवाय ही भाषा दर चार-पाच वर्षांनी बदलते. वर्षानुवर्षे दुसऱ्यांनी लिहिलेले संवाद बोलणाऱ्या माणसाला स्वतःचे शब्द पुन्हा शोधावे लागतात, ही अडचण तर आणखी वेगळी. एल. एल. ने मुलाखतीत मोकळेपणाने सांगितले आहे की, त्याला रॅप करायला नव्याने शिकावे लागले. ‘एनसीआयएस : लॉस एंजेलिस’ या मालिकेत २००९ पासून २०२३ पर्यंत काम केलेल्या, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी आणि एवढा लौकिक पाठीशी असताना परतणाऱ्या माणसाने असे म्हणणे मला फार मोलाचे वाटते, आणि त्या शिकण्याचा परिणाम अल्बममध्ये ऐकू येतो.

‘द फोर्स’चे संगीत क्यू-टिपने केले आहे. ए ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या रॅप गटाचा हा मुख्य कलावंत एल. एल. प्रमाणेच न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला. अल्बमभर एकाच माणसाचा हात असल्यामुळे चौदाही गाणी एका घरची वाटतात, तरी कोणतेही दोन ठेके सारखे नाहीत. ड्रम कोरडे आणि पुढे, बेस जाड, वर सिंथेसायझरची थोडी तिरकी, अनपेक्षित वळणे, अशी ही रचना आहे. जुन्या काळच्या आठवणीत रमणारे संगीत क्यू-टिपला सहज देता आले असते, आणि श्रोत्यांनी ते आनंदाने घेतलेही असते. त्याने तसे केले नाही. त्याने एल. एल. ला अशा ठेक्यांवर उभे केले, जिथे जुनी ऐट पुरेशी पडत नाही आणि प्रत्येक ओळीला नवी जागा शोधावी लागते.

अभिनयाने या माणसाला काय दिले, याचे उत्तरही याच अल्बममध्ये सर्वांत स्पष्ट मिळते. ‘थर्टी डिसेंबर्स’ या गाण्यात तो तीस वर्षांचा तुरुंगवास संपवून बाहेर आलेल्या माणसाच्या तोंडून बोलतो. शहर तेच, पण माणसांचे वागणे, त्यांच्या हातातल्या वस्तू, एकमेकांकडे न पाहण्याची सवय, सगळे बदललेले, आणि हा माणूस ते डोळे विस्फारून टिपत राहतो. एल. एल. इथे आवाज चढवत नाही. शब्द थोडे आवरून, जणू अनोळखी ठिकाणी पाऊल चाचपत टाकावे तसे टाकतो. १९९० च्या सुमाराचा एल. एल. हे करू शकला असता असे मला वाटत नाही, कारण तेव्हा त्याच्या प्रत्येक गाण्याचा नायक तो स्वतःच असे. दुसऱ्याच्या कातडीत शिरण्याची सवय त्याने मालिकांत आणि चित्रपटांत कमावली, आणि ती आता लेखणीत उतरली आहे. याउलट ‘मर्डरग्राम ड्यू’मध्ये, जिथे समोर रॅपर एमिनेम आहे, तिथे तो निव्वळ शब्दांच्या वेगावर आणि यमकांच्या दाटीवर झुंजतो. एमिनेमपेक्षा सरस ठरतो असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण कुठे मागे पडल्यासारखेही वाटत नाही.

विल स्मिथचा अल्बम याच्या बरोबर उलट टोकाला आहे. दोघेही १९६८ साली जन्मलेले, दोघांचीही कारकीर्द १९८० च्या दशकातली, त्यामुळे हे दोन अल्बम शेजारी ठेवणे अगदी स्वाभाविक आहे. स्मिथपुढे एक असा विषय होता, जो टाळता येणे शक्यच नव्हते. २७ मार्च २०२२ च्या ऑस्कर सोहळ्यात त्याने मंचावर जाऊन विनोदी कलावंत क्रिस रॉकला थप्पड मारली, आणि त्यानंतर ऑस्कर देणाऱ्या अकादमीने स्मिथला दहा वर्षे आपल्या कार्यक्रमांना येण्यास मनाई केली. अल्बमची सुरुवात थेट तिथूनच होते. पहिल्या भागाचे शीर्षक पटकथेतल्या दृश्याच्या मथळ्यासारखे आहे, ठिकाण केशकर्तनालयाचे आहे, आणि आपल्याला ऐकू येते ती तिथे जमलेल्या माणसांची स्मिथविषयीची बोलणी. कोणी त्याला मोडीत काढते, कोणी बाजू घेते, कोणी घरच्या भानगडी उकरते. डीजे जॅझी जेफ आणि विनोदी कलावंत बी. सिमोन यांचे आवाज त्यात आहेत. आपली निंदा इतरांच्या तोंडून ऐकवून अल्बम सुरू करण्याला धाडस लागते, आणि दृश्य कसे मांडावे हे कळणाऱ्या माणसालाच ते सुचते. माझ्या मते अल्बममधला हा सर्वांत जिवंत भाग आहे.

पुढे मात्र ते धाडस विरळ होत जाते. दुसऱ्या गाण्यात आता नामांकने मिळणार नाहीत हे गृहीत धरूनही आपण थांबणार नाही असे तो ठणकावतो, तिथवर पकड टिकते. त्यानंतर जखमा, सावरणे, श्रद्धा, स्वतःवर प्रेम, अशा विषयांवर गाणी येतात आणि त्यांतले शब्द फार सर्वसाधारण होतात. कोणाला दुखावले, त्या रात्रीनंतर घरात काय झाले, लोकप्रिय राहण्याची ओढ इतकी वर्षे का सुटली नाही, हे प्रश्न तो शीर्षकातून आणि सुरुवातीच्या दृश्यातून उभे करतो, पण त्यांच्या उत्तरांऐवजी बहुतेक वेळा उभारी देणारी वाक्ये हाती येतात. संगीतातही गॉस्पेल म्हणजे चर्चमधली भक्तिगीते, क्लबमधले ठेके, स्पॅनिश वळणाची गाणी असे पुष्कळ काही आहे, पण त्याला एकत्र बांधणारा क्यू-टिपसारखा कोणी नाही. ज्या माणसाचा शब्दोच्चार आजही चौघांत सर्वांत स्वच्छ आहे, आणि ज्याच्याकडे सांगण्यासारखी गोष्ट चौघांत सर्वांत मोठी आहे, त्याने ती पुरती सांगू नये याची खंत वाटते. तरीही ‘यू कॅन मेक इट’ हे फ्रायडे या गायकाच्या आवाजातील ध्रुवपदाचे, समूहगानाच्या आधाराने वर जाणारे गाणे प्रामाणिक आहे, आणि थकल्या मनाच्या श्रोत्याला ते खरोखरच आधार देऊ शकते.

कॉमनच्या अल्बमविषयी कमी लिहिले तरी चालेल, कारण त्यात वादाचे मुद्दे कमी आहेत. पीट रॉक हा १९९० च्या दशकातील सर्वांत आदरणीय संगीत निर्मात्यांपैकी एक. जुन्या जॅझ आणि सोल रेकॉर्डमधले सुषिर वाद्यांचे तुकडे कापून ड्रमवर रचण्याची त्याची पद्धत कित्येकांनी उचलली. ते करताना तो वापरत असलेल्या एसपी-१२०० या यंत्रात जेमतेम दहा सेकंदांचा आवाज साठवता येई, त्यामुळे नेमका कोणता तुकडा घ्यायचा याची निवड हीच कला होती. ती नजर या अल्बममध्येही आहे. ‘वाइज अप’मध्ये एमसी शॅन या जुन्या रॅपरच्या १९८० च्या दशकातील आवाजाचा तुकडा असा बेमालूम बसवला आहे की, दोन पिढ्या एकाच खोलीत बोलत असल्याचा भास होतो. कॉमन त्यावर निवांत, बोलल्यासारखा रॅप करतो. या अल्बमला सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमच्या ग्रॅमीसाठी नामांकन मिळाले होते आणि ते योग्यच होते. उणीव एवढीच की, त्याला स्वतःला कशानेही अस्वस्थ केलेले दिसत नाही. ‘सेल्मा’ या चित्रपटातील गाण्यासाठी ऑस्कर मिळवलेला, पडद्यावर तुटक आणि कडक भूमिका उत्तम करणारा हा नट इथे त्या बाजूचा उपयोग जवळपास करतच नाही.

पाहुण्या कलाकारांच्या यादीवरूनही प्रत्येकाचा कल कळतो. स्मिथने आपला मुलगा जेडन, जॉयनर लुकास, बिग शॉन अशा नंतरच्या पिढ्यांना सोबत घेतले आहे. एल. एल. कडे नॅस, स्नूप डॉग, बस्टा राइम्स हे तोडीस तोड समवयस्क आहेत, आणि त्यांच्याबरोबर कोरा हे पश्चिम आफ्रिकी तंतुवाद्य वाजवणारी सोना जोबार्तेही आहे. तिचा सहभाग असलेले ‘ब्लॅक कोड स्वीट’ ऐकल्यावर वाटते की, हा अल्बम केवळ जुन्या मित्रांचा मेळावा व्हावा अशी एल. एल. आणि क्यू-टिप या दोघांचीही इच्छा नव्हती. कॉमनकडे बिलाल आणि जेनिफर हडसन हे गायक आणि डे ला सोल या रॅप गटाचा पॉसडनूस आहेत, म्हणजे गाण्याची आणि माधुर्याची बाजू भक्कम.

आइस क्यूबच्या ‘मॅन डाउन’ला मी या तुलनेत शेवटी ठेवेन. आवाजातली जरब कायम आहे आणि वेस्ट कोस्टचा, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील रॅपचा, जड, झुलता ठेका ज्यांना आवडतो त्यांना तो कमी मिळणार नाही. पण अल्बम लांब आहे, आणि जो संताप १९९० मध्ये नेमक्या माणसांवर व नेमक्या घटनांवर रोखलेला होता, तो इथे अनेकदा सर्वसाधारण तक्रारींवर येतो. त्याची जुनी गाणी पाठ असणाऱ्यांनी अवश्य ऐकावा, इतरांनी घाई करू नये.

निवड करताना तुम्ही कोणत्या बाजूने येत आहात ते पाहावे. रॅप म्हणजे शब्दांची करामत असे मानणाऱ्याने आणि जुन्या कलावंताला नवे काही साधते का हे पाहू इच्छिणाऱ्याने ‘द फोर्स’ घ्यावा, मात्र त्यात शिवराळ भाषा आणि शृंगारिक मजकूर आहे, त्यामुळे घरात लहान मुले असतील तर हेडफोन बरा. इंग्रजी रॅपचा वेग झेपत नाही अशी तक्रार असणाऱ्याने कॉमनपासून सुरुवात करावी, कारण त्याचे शब्द पहिल्याच ऐकण्यात पुष्कळसे कळतात आणि संगीत सोबत करते. स्मिथच्या चित्रपटांवर प्रेम असणाऱ्याने त्याचा अल्बम टाळू नये, पण तो सुट्या गाण्यांनी न ऐकता पहिल्या दृश्यापासून क्रमाने ऐकावा, कारण त्याची रचना पटकथेसारखी आहे आणि केशकर्तनालयातली ती कुजबुज वगळली तर पुढच्या गाण्यांत उत्तर कोणाला दिले जात आहे हेच कळत नाही. दोन अल्बमपुरता वेळ असेल, तर स्मिथ आणि एल. एल. लागोपाठ ऐकावेत, आणि त्यातही आधी स्मिथ. त्याच्या शेवटच्या गाण्यानंतर ‘थर्टी डिसेंबर्स’ लावले, तर स्वतःविषयी बोलणारा नट आणि दुसऱ्याच्या तोंडून बोलणारा नट यांच्यातला फरक काही मिनिटांत ऐकू येतो.